काकूंनी मागवलेला स्किप

काठीचं टोक लोखंडावर आपटायचं आणि म्हणायचं, "हे त्यात जात नाही." शेजारच्या काकूंची ही सवय त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली. त्यांच्या दारात पिवळा स्किप उभा होता. स्किप म्हणजे कचऱ्यासाठी भाड्याने मिळणारा लोखंडी हौद. लॉरी आणून ठेवते, भरला की उचलून नेते. त्याचेही नियम असतात. फ्रिज, टीव्ही, गादी, टायर, रंगाचे डबे, बॅटऱ्या त्यात जात नाहीत.

आमच्या अमरावतीला या सगळ्याला गिऱ्हाईक होतं. माझे वडील हातगाडीवर भंगार गोळा करायचे. आमचं घर लोकांनी टाकलेल्या वस्तूंचंच होतं. दाराला कुणाच्या तरी कपाटाची फळी, माझ्या अंगात कुणाच्या तरी मुलाचा शर्ट. पावसात रद्दी भिजली की तिला भाव नसे आणि मग रात्री आम्हाला भाकर नसे. वडिलांना हाक यायची ती "ए भंगार" अशी. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे.

इथे ब्रिटनमध्ये कचरा टाकायला पैसे मोजावे लागतात, असं फोनवर सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "उलटं आयकलं असशीन रे तू."

कार्डिफला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी काकूंच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. काकू रिटायर्ड डॉक्टर, भूल देणाऱ्या. नवऱ्याबरोबर तरुणपणी पुण्याहून आल्या, दोघांनी इथल्याच हॉस्पिटलांत आयुष्य काढलं. काका आधी गेले. मुलगा लंडनच्या क्रॉयडनला, मोठ्या नोकरीत.

पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं, न विचारलेलंही सांगून टाकलं. मग पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. परदेशात आलं म्हणून माणूस सगळंच मागे सोडून येतो असं नाही. तुम्हीही पाहिलं असेल. मी बघत होतो. त्यांनी पाणी संपवलं आणि ग्लास माझ्यासमोर उलटा धरला.

"सगळं प्यायले. तपासून बघतोस?"

मी ओशाळलो नाही. मला हसू आलं. तिथून आमचं जमलं.

मग त्यांना कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचा, उशिरा कळलेला. मी काही धीराचं बोलू लागलो तर म्हणाल्या, "अरे, मी आयुष्यभर लोकांची शुद्ध घालवली. मला नको फसवूस." आणि दुसऱ्याच दिवशी स्किप मागवला.

त्यालाही कारण होतं. त्यांच्याच रस्त्यावर एक मराठी डॉक्टर राहायचे. ते गेल्यावर मुलांनी घर रिकामं करणाऱ्या लोकांना किल्ली दिली. काकू फिरायला निघाल्या होत्या. त्या घरापुढच्या स्किपमध्ये, ओल्या कार्पेटखाली, देव्हारा उलटा पडलेला त्यांनी पाहिला. कळसाचं टोक तेवढं बाहेर. "काठी घालून ओढला रे. हलला नाही," एवढंच सांगायच्या. त्यानंतर त्यांना एकच भीती होती. मरणाची नाही. आपल्यामागे आपले देव असे जातील, ही.

"माझा मुलगा वाईट नाही," म्हणायच्या. "त्याला माहीत नाही. मीच शिकवलं नाही. ड्युट्या करत होते."

म्हणून त्या स्वतःच घर आवरायला बसल्या. दारात खुर्ची टाकून काठीने हुकूम सोडायच्या, मी शनिवार-रविवार उचलायचो. पडदे, काकांचे बूट, मोडकं इस्त्रीचं टेबल. चांगला प्रेशर कुकर निघाला तेव्हा म्हणाल्या, "घेऊन जा."

"काकू, मी दुसऱ्याने टाकलेलं घेत नाही."

"टाकलेलं कुठे? अजून माझ्या हातात आहे."

"तरी नाही."

"माजलायस," त्या म्हणाल्या आणि कुकर चॅरिटीच्या खोक्यात ठेवायला लावला. मला वाटतं, तेव्हा त्या खूश होत्या.

एका सकाळी स्किपमध्ये एक डबल बेडची गादी आली होती. इथे हे चालतं. तुमच्या दारात स्किप दिसला की रात्रीतून कुणीतरी आपलं सामान त्यात सरकवून जातं. गादी दिसली तर लॉरीवाला स्किप उचलणार नाही.

"माझ्या स्किपमध्ये झोपायची सोय कुणी केली?" काकूंनी गादीवर राहिलेल्या चादरीची फुलं ओळखली, ती समोरच्या घराच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यांनी पाहिलेली होती. माझ्या खांद्याला धरून रस्ता ओलांडला, बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या गृहस्थाला इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची गादी वाट चुकून माझ्याकडे आलीय, घेऊन जा." तो लाल झाला. परतताना त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या भिंतीला टेकल्या, पोट धरून बसल्या, आणि मग मी त्यांना उचलूनच घरात नेलं. वजन असं उरलंच नव्हतं.

देवांचा प्रश्न तसाच होता. देवळात नेऊन द्यावेत म्हणून गेलो, तर तिथे दारावरच पाटी, मूर्ती आणि फोटो इथे सोडू नयेत. पुजारी म्हणाले, "सगळे आणून ठेवतात, आजी. आम्ही तरी कुठे ठेवणार?" नदीत सोडायला काकू तयार नव्हत्या. "कचरा टाकते म्हणून दंड होईल. माझ्या देवांना कुणी कचरा म्हटलेलं मला चालणार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी पितळेचे छोटे देव आणि झिजलेले टाक टॉवेलवर मांडले. "तू ने."

"आमच्या घरात देव्हारा नाही, काकू. आजोबांनी देव सोडले. आम्ही बौद्ध. मी पुजणार नाही."

त्या टॉवेलच्या दशा सारख्या करू लागल्या. मला वाटलं, दुखावल्या.

"पुजतो म्हणणारे विसरतात," त्या म्हणाल्या. "तू तोंडावर नाही म्हणालास. तुझ्या शब्दावर विसंबता येईल. पुजू नकोस. टाकणार तर नाहीस?"

"टाकणार नाही."

"मग काय करशील?"

मी भंगारवाल्याचा मुलगा. म्हटलं, "पितळ वितळतं. आमच्याकडे ओतारी आहेत, ते ओतून भांडं करतील."

"कसलं?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाणी प्यायचं कर." मग निरांजन लावलं, एकेका देवाला हळदकुंकू वाहिलं, आणि टॉवेलची गाठ स्वतःच बांधली. गाठ दोनदा सुटली. मी मदत केली नाही.

मी सुट्टीवर घरी गेलो. वडिलांनी गाठोडं हातात तोलून पाहिलं, पण वजन सांगितलं नाही. आम्ही दोघे ओताऱ्याकडे गेलो. भांडं झालं, बुडाला जरा तिरपं. ते घेऊन कार्डिफला उतरलो तेव्हा काकू हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांच्या दवाखान्यात होत्या, माणसं ओळखत नव्हत्या. भांडं त्यांना दाखवता आलं नाही. त्याच आठवड्यात गेल्या.

मग दुसरा स्किप आला, पहिल्यापेक्षा मोठा. मुलाने घर रिकामं करणाऱ्यांना बोलावलं होतं. काकूंची दारातली खुर्ची गेली. फ्रेममधल्या डिग्र्या गेल्या, काच फुटल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला. रिकामा देव्हाराही गेला, कार्पेटखाली.

दुपारी मुलगा माझ्या दारात आला. त्यांच्या घरातलं पाणी बंद केलं होतं. "थोडं पाणी मिळेल का?"

मी त्या भांड्यातून दिलं. तो घटाघट प्यायला. मग मी सांगितलं, ते कशाचं आहे. त्याने भांडं दोन्ही हातांत धरलं आणि पायरीवर खाली बसला.

"आई मला काहीच नाही बोलली," तो म्हणाला. भांडं परत माझ्यापुढे केलं. "तुझ्याकडे ठेव. आणि अजून थोडं पाणी दे."

लॉरी स्किप उचलून गेली. काकूंची गादी तेवढी कुंपणाला टेकून मागे राहिली. ती त्यात जात नाही. रात्रभर पाऊस लागला आणि गादीच्या मधोमध, काकू कुशीवर झोपायच्या तिथे, पाणी साठलं.

देव स्किपमध्ये गेले नाहीत.