दोन ओळींचं काम

महापेच्या ऑफिसात माझ्याकडे एका हॉस्पिटलचं जुनं आयफोन ॲप होतं. ऑब्जेक्टिव्ह-सी या मागे पडलेल्या भाषेत लिहिलेलं, म्हणून नव्यांपैकी कुणी त्याला हात लावत नसे. एका सोमवारी ते बिल्डच होईना, म्हणजे कोडपासून ॲप तयारच होईना. एरर म्हणे, 'पेशंट' नावाचा प्रकार माहीत नाही. आणि पेशंटच्या कोडची फाइल तर डोळ्यांसमोर उघडी.

कारण शोधलं. पेशंटच्या हेडरमध्ये, म्हणजे त्याची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, अपॉइंटमेंटचं हेडर इम्पोर्ट केलेलं, म्हणजे आत ओढून घेतलेलं, आणि अपॉइंटमेंटच्या हेडरमध्ये पेशंटचं. कोड वाचून ॲप बनवणारा कंपायलर पहिलं वाचायला घेतो, लगेच दुसऱ्यात शिरतो, आणि तिथे पेशंटचं नाव येतं तेव्हा पेशंट अजून वाचूनच झालेला नसतो. उपाय मला ठाऊक होता. हेडरमध्ये @class लिहून 'असा एक क्लास आहे' एवढंच सांगायचं, खरा इम्पोर्ट प्रत्यक्ष कोडच्या .m फाइलमध्ये न्यायचा. पण पेशंटला अपॉइंटमेंटच्या हेडरमधला एक प्रोटोकॉल, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांची यादी, पाळायचा होता; तिथे नुसत्या नावावर भागत नाही. तो प्रोटोकॉल वेगळ्या हेडरमध्ये काढला. मग ज्या ज्या फाइली मोडल्या त्या एकेक करून दुरुस्त केल्या. दोन दिवस गेले.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उलव्याहून यायची. सहा वर्षं आम्ही एकत्र जेवत होतो. तिला मी सगळं कागदावर बाण काढून समजावलं; तो कागद तिच्याकडेच राहिला. बुधवारी आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मी अर्धा दिवस रजेवर होते. नेमकी तेव्हाच या बिघाडावर टीमची मीटिंग झाली.

गुरुवारी मॅनेजरने बोलावलं. "तिने दहा मिनिटांत समजावलं. दोन ओळी हलवायच्या होत्या. तुम्हाला दोन दिवस का लागले?"

मी काय काय केलं ते सांगू लागले. त्यांचं लक्ष फोनमध्ये होतं.

कँटीनमध्ये मी तिला विचारलं, "माझं नावसुद्धा घेतलं नाहीस?"

"अगं, घेणारच होते. विषय पुढे गेला."

"कागद माझाच होता ना तुझ्या हातात?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय टेन्शन घेतेस?"

तिला स्विफ्ट या नव्या भाषेत काम करणाऱ्या टीममध्ये घेतलं. माझ्या अप्रेझलमध्ये 'कामाचा वेग कमी' असं लिहून आलं. मी सही केली. भांडायला हवं होतं. तेव्हा भांडले नाही, याचा राग मला तिच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

गेल्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत गेली. तिच्या निरोपाचा केक कापायला सगळा मजला गोळा झाला. मी जागेवरच बसून राहिले. कुणी बोलवायलाही आलं नाही.