कोपऱ्यावरची म्हैस

मुलीनं बंगळूरला राहायला जायच्या आधीच तिथले रस्ते फोनवर बघून ठेवलेत, आणि इथं बेळगावात मला एका जागी बसवत नाही. सकाळी गवळ्याकडं दुधाला गेले, शेणाचा वास आला आणि वडील आठवले.

कॉलेजसाठी मी शहरात राहायला येणार, म्हणून आप्पा मला आधी एक दिवस जांबोटीहून घेऊन आलते. मला किल्ला बघायचा होता. त्यांनी मात्र बसस्टँड ते भाड्याची खोली अशा दोन खेपा घालायला लावल्या. "वाट पायास्नी ठावं पायजे. कोपऱ्यावर म्हस बांधलीय, तिथनं डावीकडं." तिसऱ्या खेपेला म्हणाले, "आता तू म्होरं चल, मी मागनं येतो."

खोलीपाशी पोचून वळून बघते, तर आप्पा नाहीत. मी धावत मागं गेले. रानात कधी वाट न चुकलेले आप्पा कोपऱ्यावर रिकाम्या खुंट्यापाशी उभे होते. म्हैस कुणीतरी सोडून नेली होती.

किल्ला राहिलाच. परतीच्या बसमध्ये जांबोटी येईपर्यंत ते विचारत होते, "म्हस नसली तरी सापडंल न्हवं गं?" मला हसू आवरत नव्हतं.

आज मुलीला मी तिसऱ्यांदा विचारलं, "फोन बंद पडला तरी सापडेल ना गं?"

ती हसली.