येसूबाईनं नाकारलेला कंदील

जालिंदर गेला त्याच्या पंधराव्या दिवशी सोमशेखर साहेब कंदील न्यायला आले. आता येऊ की नको, असं त्यांनी फोनवर दोनदा विचारलं होतं. जालिंदरच्या बायकोनं, येसूबाईनं, या म्हणून सांगितलं.

साहेब पंधरा वर्षं जपानात नोकरी करून सोलापूरला परतले होते. होटगी रोडच्या बंगल्यामागं त्यांना तिकडच्यासारखी बाग करायची होती. वाळू, खडक, छोटं तळं आणि तीन दगडी कंदील. जालिंदर पाथरवट. जाती, पाटे, नंदी घडवण्यात त्याचं आयुष्य गेलं. मोबाईलवरचे फोटो बघून त्यानं करड्या ग्रॅनाइटमध्ये कंदील काढले. एकाचं छत छत्रीसारखं रुंद होतं. त्यावर साठलेला बर्फ बघत बसायचं असतं, असं साहेबांनी सांगितल्यावर तो सोलापूरच्या उन्हात बसून हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली.

ती धाप जुनीच. दोन वर्षं क्षयाच्या गोळ्या खाऊन झाल्यावर एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, दगड कापायचा ग्राइंडर किती वर्षं चालवता? छातीत दगडाची पूड बसली आहे, ती आता निघायची नाही, असं त्यांनी सांगितलं. जालिंदरनं तोंडाला उपरणं बांधलं आणि काम चालू ठेवलं. शेवटी शेवटी तो बसूनच झोपायचा. हाताशी एक जास्तीचा असावा म्हणून घेतलेल्या चौथ्या कंदिलाचं छत अर्धंच राहिलं.

साहेबांना रुंद छताचाच कंदील सगळ्यांत आवडला. येसूबाईनं तिन्ही कंदिलांवर बादलीनं पाणी ओतलं. उन्हात दगड वाळले, पण त्या छतावर केसाएवढी एक ओली रेघ तशीच राहिली.

"ह्यो नेऊ नका, साहेब. ह्यात चीर हाय. दोन उन्हाळ्यांत फुटंल."

आठवण म्हणून नेतो, असं ते म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

"त्यांच्या हातचा फुटका दगड मी कुनाच्या दारात जाऊ देनार न्हाय. चौथा पुरा करून देते."

नणंद गोजरबाई चिडली. ज्या दगडानं भाऊ नेला त्याला तू शिवू नकोस, म्हणाली. येसूबाईनं ग्राइंडरला हात लावला नाही. आजवर तिनं छिन्नी धरली होती ती फक्त झिजलेल्या जात्याला टाकी लावायला. पूड उडू नये म्हणून ओलं पोतं टाकून, पाणी मारत, ती दीड महिना ठोकत बसली. एक कड जरा वाकडी आली. तेही तिनं साहेबांना दाखवून दिलं. त्यांनी तोच कंदील नेला.

दिवाळीनंतर तिचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि तो बराच वेळ उजेडाला धरून पाहिला. तुम्हीही मशीन चालवत होता का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाय. मी नुसती पूड झाडायची. चोवीस वर्षं."

पुढच्या आठवड्यात वैरागहून एक पाथरवट ग्राइंडर विकत मागायला आला. तिनं दिला नाही. त्याच्यासमोरच वायर कापून तो भंगारात टाकला. बाजारात दुसरा मिळेल की, असं तो म्हणाला.

"मिळंल. पर माझ्या हातनं न्हाय."

तो गेला. येसूबाई उंबऱ्यावर टेकली आणि दम खाली बसायची वाट बघत राहिली.