कुत्र्याच्या चाव्यावर तिखट का साबण?

सकाळीच लिहिणार होतो, पण रील पाहत बसलो.

मानोरा गावात मावशीकडं आलो तर गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीले चावा घेतला. मावशीनं जखमेत तिखट भरलं. म्हणे, "पाणी लावू नको, जहर चढते."

घाबरून दवाखान्यात गेलो. नर्सबाई म्हणाल्या, "पायाची भाजी करून राह्यला का रे?" मंग नळाखाली साबणानं लई वेळ धुतलं, इंजेक्शनं दिली. टाके मात्र घातलेच नाहीत. म्हणे, चाव्याची जखम उघडीच ठेवतात.

मंग एवढी उघडी जखम भरते कशी? मावशीचं ऐकू का नर्सबाईंचं? पुढच्या सुईले जाऊ का नको? तुमच्याकडं काय करतात?

थांबा, मावशीच लंगडत आली! तेच कुत्रं तिलेबी चावलं. पण पायाले साबणाचा फेस!

"मावशे, तिखट नाही लावलं?"

"झोंबते ना रे!"