नझीरभाईंचा कान

पनवेलच्या एसटी स्टँडामागे नझीरभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. तीस वर्षं त्यांचा एकच नियम आहे: त्यांनी बॉनेटखाली कान लावला की आजूबाजूला कुणी चकार शब्द काढायचा नाही. मीटर लावून तपासणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "मीटर पोरं लावतात, उस्ताद ऐकतो," म्हणतात. एवढी मिजास!

ऐकायचं असतं ते रिलेचं 'टक्'. हेडलाइटला करंट लागतो दांडगा. तो स्टिअरिंगजवळच्या चिमुकल्या बटणातून नेला तर बटण जळून जाईल. म्हणून बटण रिलेला नुसता इशारा करतं. रिलेच्या आतलं चुंबक जागं होतं, पट्टी ओढतं, टक् वाजतं आणि बॅटरीचा करंट थेट दिव्यांकडे जातो. "आमच्या घरासारखं," नझीरभाई गिऱ्हाइकांना सांगायचे. "सुरैय्या हळूच बोलते, गोणी मी उचलतो."

त्या दिवशी विचुंबे गावचा प्रदीप टेम्पो घेऊन आला. तीन वाजता आरटीओत गाडीचं पासिंग आणि दोन्ही हेडलाइट बंद!

"चाचा, आज पासिंग झाला नाय तर टेम्पो दारात उभा. धंदा बुडाला माझा."

नझीरभाईंनी कान लावला. प्रदीपने बटण दाबलं. टक्.

"मुर्दा आहे," नझीरभाईंनी मान हलवली. दुसरा रिले बसवला. टक्. "हाही मुर्दा!" मग तिसरा, मग चौथा. प्रदीपला चारही टक् स्वच्छ ऐकू आली होती, शेजारच्या चहावाल्या दयारामलाही. पण उस्तादापुढे बोलणार कोण? दोघांनाही वाटलं, नझीरभाई त्या टक्‌च्याही पलीकडचं काहीतरी ऐकत असणार. गेलं वर्षभर सगळ्या स्टँडाला हेच वाटत होतं. काढून टाकलेल्या रिलेंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काठोकाठ भरला होता.

अडीच वाजता त्यांची बायको सुरैय्या जेवण घेऊन आली आणि रस्त्यापलीकडूनच ओरडली, "अहो, वाजतोय की तो! मला इथवर ऐकू येतंय!"

नझीरभाईंनी प्रदीपकडे पाहिलं. प्रदीपने टायरकडे, दयारामने उकळत्या चहाकडे. बिचाऱ्या नझीरभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी हळूच रिलेवर बोट ठेवलं.

"दाब."

बोटाखाली टुणकन काहीतरी हललं. रिले धडधाकट होता! म्हणजे दोष पुढे. शोधलं, तर दिव्यांची अर्थिंगची तार गंजून तुटलेली. पाच मिनिटांत दिवे लागले आणि प्रदीप पासिंगला धूम पळाला.

नझीरभाई तो पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसले. एकेक रिले बॅटरीला लावून बोटाने तपासला. जवळजवळ सगळे जिवंत.

"तौबा! ज्याचे त्याला परत द्यायला हवेत," ते पुटपुटले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आणि कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?" सुरैय्याने हळूच विचारलं. वर्षभर ती हे असंच हळूच विचारत होती.

"काय?"

आता मात्र तिने बोलणं सोडलं. त्यांच्या खांद्यावर बोट दाबलं आणि समोरचा दवाखाना दाखवला. नझीरभाई गुपचूप उठले. उठताना त्यांचा गुडघा वाजला, टक्!

"लागला करंट!" दयाराम ओरडला.

"वाजलं का काही?" नझीरभाईंनी विचारलं.