भट्ट्यांच्या शेअरवरचा वाद

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी दीपनगरच्या वीजकेंद्रात इंजिनीअर होतो. मुलांच्या शाळेपायी बायको-मुलं पुण्याला. रेडिओ बंद केला की क्वार्टर खायला उठायचं. बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी मी जळगावला एका शेअर दलालाच्या ऑफिसात जाऊन बसायचो. शेअर माझ्याकडे नावापुरते होते. मला बोलायला माणसं हवी होती.

तिथे नाना यायचे. मूळचे साक्रीकडचे, उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेला. बायको गेल्यावर जळगावातच मेहरूणला मुलाकडे राहायला आले होते. त्यांनी एका नव्या कंपनीचे शेअर घेतले होते. ती संगणकाच्या चिप बनवत नव्हती, चिपच्या कारखान्यांना लागणाऱ्या भट्ट्या बनवायची.

"चिपना कारखाना वाढतीन, ते मशीनबी लागतीन," नाना छातीठोकपणे सांगायचे.

मला पहिल्यापासून कुणाला हो म्हणवत नाही. शिवाय हो म्हटलं असतं तर बोलणं एका कप चहात आटोपलं असतं. मी उलटी बाजू धरली. मंदी आली की कारखानदार सगळ्यात आधी नवी यंत्रं घेणं थांबवतो, असं माझं म्हणणं. मुंबईहून फोनवर भाव येईपर्यंत आमची जुंपायची. नाना चिडले की टोपी काढून मांडीवर आपटायचे. बाकीचे मजा बघायचे. मी दारात दिसलो की नाना म्हणायचे, "उना का भाऊ, मनी कंपनी बुडवाले?" ‘आलात का, माझी कंपनी बुडवायला,’ एवढं ऐकायला मी आठवडाभर थांबत असे.

एका बुधवारी मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. "नाना, कापूस कमी आला त्या साली तुमच्या मालकाने सरकी काढायचं नवं जिन घेतलं होतं?"

नानांनी टोपी काढली, पण आपटली नाही. "नही," ते म्हणाले. "जुनालेच तेल दिधं." मग टोपी घालून उठले. मला वाटलं, रागावले.

पुढच्या बुधवारी ते पेढे घेऊन आले. "तुमनं म्हननं पटनं माले, भाऊ. बठ्ठा शेअर इकी टाकात." सगळे शेअर विकून झाले होते, मुलाशी फारसं पटत नव्हतं, ते साक्रीला परत निघाले होते. "आते आठे काय काम शे मनं?"

इथे थांबा म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. मी पेढा खाल्ला.

काही दिवसांनी तो शेअर खरंच कोसळला आणि ऑफिसात माझा भाव वाढला. लोक उठून खुर्ची देऊ लागले, काय घ्यावं, काय विकावं विचारू लागले. एकदा न राहवून मी म्हणालो, "मला वाटतं, ती भट्ट्यांची कंपनी आता वर जाईल." कुणीतरी उलटी बाजू धरेल म्हणून वाट पाहिली.

"साहेब म्हणतात तर जाईलच," सगळे म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले.