उपसूचनेसह मंजूर

महापौरबाईंच्या पहिल्याच दिवशी मला हसू आलं होतं. मी ते दाबलं, पण त्यांना ते दिसलं असावं.

मी पालिकेच्या सचिव कार्यालयात होतो. महासभेत कोण काय बोललं, काय ठरलं, त्याचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. बाई ठाकुर्लीच्या चाळीत, बौद्ध कुटुंबात वाढलेल्या. आई बाजारात पालेभाजी विकायची. त्या स्वतः बालवाडीत शिकवायच्या, पुढे दोनदा नगरसेविका झाल्या. सोडतीत महापौरपद राखीव निघालं आणि खुर्ची त्यांच्याकडे आली. "लॉटरी लागली," असं आम्ही चहा पिताना म्हणायचो. मीही म्हणायचो.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाऊसाहेब, उपसूचना म्हणजे नेमकं काय हो? इतकी वर्षं हात वर केला, विचारायची मात्र लाज वाटली."

"मूळ प्रस्तावाला जोडलेली अट, मॅडम."

"म्हणजे हो म्हणायचं, पण आपला 'पण' लावून."

मला हसू आलं ते यावर. इतकी सोपी व्याख्या मला कधी सुचली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

विषयपत्रिकेचा जाडजूड गठ्ठा कित्येकांच्या घरी पाकिटातच राहायचा. बाईंच्या प्रतीवर पानोपानी पेन्सिलीच्या खुणा असत. नाला साफ झाला, असं अधिकारी म्हणाले की त्या विचारायच्या, "गाळ कुठे टाकलात? चला, दाखवा." आणि पदर खोचून खरंच निघायच्या. मी अनेक महापौर पाहिले, असा एकही पाहिला नाही. तरीही त्या बोलायला लागल्या की मी पेन खाली ठेवायचो. यांच्या बोलण्यात लिहून घेण्यासारखं काय असणार, असं मला वाटे.

एका सभेत रस्ता रुंद करण्यासाठी बाजारातल्या भाजीवाल्या हटवायचा विषय आला. गोंधळ चालला होता. बाईंनी निर्णय दिला, "दुसरी जागा दिल्याशिवाय एकही टोपली उचलायची नाही. या उपसूचनेसह मंजूर." माझं पेन टेबलावर होतं. संध्याकाळी मी इतिवृत्तात एकच शब्द लिहिला : मंजूर.

आठवड्याभरात टोपल्या उचलल्या गेल्या. बाईंच्या आईशेजारी जन्मभर बसलेल्या बायका चाळीत आल्या आणि मेथीच्या जुड्या बाईंच्या दारात टाकून गेल्या. "आईच्या जागेवर गाडी फिरवलीस गं!" असं त्यातली सर्वात थोरली, जिला सगळे मावशी म्हणतात, ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. "भाऊसाहेब, मी अट घातली होती ना?"

"नाही, मॅडम. आपण फक्त मंजूर म्हणालात."

खोटं बोललो. निवृत्ती जवळ आली होती, हे काही कारण होऊ शकत नाही. त्यांनी इतिवृत्त मिटलं. "बरं. मग माझ्याकडूनच राहिलं."

पुढच्या सभेत त्यांनी भर सभागृहात चूक स्वतःवर घेतली, विषय पुन्हा आणला आणि पावसाळ्याआधी भाजीवाल्यांना पक्के ओटे बांधून दिले. पण चाळीने माफ केलं नाही. पुढची निवडणूक त्या हरल्या.

आता मी डोंबिवलीत मुलाकडे असतो. मागच्या महिन्यात धीर करून बाईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सभेची टेप तेव्हाच ऐकली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमची चौकशी लागली असती. दोन महिने सगळे तुमच्या-माझ्यावर बोलत बसले असते आणि त्या बायका उन्हात राहिल्या असत्या. ओटे आधी हवे होते." मग हसल्या. "पण मावशी मला अजून भाजी देत नाही हो. आईच्या शेजारची बाई. समोरून गेले तर तोंड फिरवते. ते तेवढं लागतं मला."

तिथून मी थेट बाजारात गेलो, नेहमी भाजी घेतो तिथेच. मावशी ओट्यावर बसून पालक निवडत होती. तिला सगळं सांगितलं. पेन खाली ठेवल्याचंसुद्धा.

"म्हणजे पोरगी बोलली होती?"

"बोलली होती."

"आणि तू लिहिलं नाहीस?"

"नाही."

मावशीने हातातला पालक बाजूला ठेवला. ती म्हणाली, "तिला सांग, पिशवी घेऊन ये म्हणावं. उद्याच ये म्हणावं."

मी मान हलवली आणि सवयीने पालकाच्या जुडीला हात घातला. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुला नाही," ती म्हणाली. "आजपासून तुला नाही."